साहेबाचं जेवण साहेबाच्या गावी

प्रश्न : मुलगा लीड्सला नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, ‘इथलं जेवण बेचव असतं, आपण इंडियन हॉटेलातच जाऊ.’ मला मात्र प्रश्न पडला आहे. इंग्रजांनी एवढी वर्षं राज्य केलं, मग त्यांचं जेवण आमच्या भोर-वेल्ह्याकडे कुठेच कसं दिसत नाही? ते खरंच इतकं बेचव असतं का? आणि खायचंच झालं तर कुठे खावं? मी शाकाहारी आहे. यांना मासे-मटण चालतं, पण बीफ-पोर्क नको.
– एक वाचक, भोर

उत्तर : तुमचे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकेक करून सोडवू.

आधी भोर-वेल्ह्याचं बघू. तुमच्या भागावर इंग्रजांचं थेट राज्य कधी नव्हतंच. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, राजगड-तोरण्याचा मुलूखही त्यातच होता, आणि ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. भाटघरच्या धरणाला गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं खरं, पण साहेबाची वस्ती, त्याचा क्लब आणि त्याची बेकरी राहिली पुण्याच्या लष्कर भागात.

तरी इंग्रजी पदार्थ आपल्याकडे आलेच नाहीत, असं नाही. काय आलं आणि काय राहिलं, यात चुलीचा मोठा हात आहे. इंग्रजी स्वयंपाक भट्टीवर, म्हणजे ओव्हनवर उभा आहे : मांस भाजायचं, पिठाच्या पारीत सारण भरलेले ‘पाय’ भाजायचे, पुडिंगं भाजायची. आपला स्वयंपाक चूल, तवा आणि कढईचा. त्यामुळे भट्टीतले पदार्थ बेकरीतच राहिले. कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटं हे त्याचं ठळक उदाहरण. श्रूसबेरी हे इंग्लंडमधलं एक गाव आहे. जे कढईत किंवा पातेल्यात जमण्यासारखं होतं, ते मात्र घरात शिरलं. कटलेट आलं, कस्टर्ड आलं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली अंड्याशिवाय होणारी कस्टर्ड पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. बिनअंड्याची म्हणूनच ती पुढे आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही चालून गेली. तेव्हा फ्रूट कस्टर्ड खाल्लं असेल, तर इंग्रजी चव तुमच्या ओळखीची आहे.

आता ‘बेचव’ या आरोपाकडे येऊ. त्याला एक खरं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४० साली रेशनिंग सुरू झालं आणि ते थेट १९५४ सालापर्यंत चाललं. लोणी, साखर, मांस, चीज सगळं मोजून मिळत होतं. एका अख्ख्या पिढीने तुटपुंज्या सामानात रांधायला शिकून घेतलं, आणि ब्रिटिश जेवणाची बदनामी तेव्हा पक्की झाली. पुढे परिस्थिती सुधारली, बदनामी तेवढी उरली.

दुसरं कारण आपल्या जिभेच्या सवयीत आहे. आपण मसाला शिजवताना घालतो. तिथे पदार्थ सौम्यच येतो आणि खाणाऱ्याने तो आपल्यापुरता तिखट-आंबट करून घ्यायचा असतो. त्यासाठी मीठ, मिरपूड, व्हिनेगर आणि मोहरीची चटणी टेबलावर असते किंवा मागितली की मिळते. तिथली पिवळी मोहरी जपून घ्या. ती जिभेला नव्हे, थेट नाकाला झोंबते. यातलं काहीच न घालता घास घेतला, तर कोणालाही ते जेवण अळणीच वाटेल.

मग खावं कुठे? ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ अशी पाटी शोधत फिरू नका. तिथे प्रत्येक पदार्थाची जागा आणि वेळ ठरलेली आहे. अंडी, बीन्स, टोमॅटो, मशरूम आणि टोस्टची भरगच्च न्याहारी सकाळी कॅफेत मिळते. मासा आणि बटाट्याच्या चिप्स ‘चिपी’त, म्हणजे तळणीच्या दुकानात मिळतात. तिथे मीठ आणि व्हिनेगर हवं का, असं विचारतील. हो म्हणा. स्कोन, जॅम आणि दाट साय दुपारी टी रूममध्ये. बाकीचं खरं जेवण पबमध्ये.

‘पब’ म्हटलं की आपल्याकडे घरातली मोठी माणसं दचकतात. पण तिथला पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. आजी-आजोबा आणि नातवंडं घेऊन लोक तिथे दुपारी जेवायला येतात. दारू घेतलीच पाहिजे अशी सक्ती नसते. उलट दारूचा परवाना असलेल्या जागेत मागितल्यावर नळाचं पाणी फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. एक रीत मात्र वेगळी आहे. बऱ्याच पबमध्ये वेटर टेबलाशी येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. जेवण मग जागेवर येतं. स्वयंपाकघर पुष्कळ ठिकाणी दुपारी मध्येच बंद असतं आणि रात्री नऊच्या सुमारास आवरतं. आपल्या सवयीने साडेनऊला गेलात, तर उपाशी परताल.

रविवारी दुपारी पबमध्ये ‘संडे रोस्ट’ असतं आणि मुलगा नेमका यॉर्कशरमध्येच, लीड्सला आहे, तेव्हा हे चुकवू नका. भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, भाज्या, ग्रेव्ही आणि सोबत यॉर्कशर पुडिंग. हे पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ धुरावलेल्या चरबीच्या साच्यात ओततात आणि ओव्हनमध्ये सारतात. पीठ कडांनी वर चढतं, मधोमध खळगा पडतो. बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ अशी वाटीच तयार होते. त्या वाटीत ग्रेव्ही ओतायची. पूर्वी हे मांसाच्या आधी वाढत, कारण मांस महाग होतं. पोट आधी भरलं की मांस कमी लागत असे. यजमानांना लँब किंवा चिकनचं रोस्ट मागता येईल. जागा आधी राखून ठेवा, रविवारी गर्दी असते.

शाकाहारी माणसाला चकवा देणाऱ्या जागा मात्र नीट ओळखून ठेवा. यॉर्कशरमध्ये अनेक चिपींत चिप्स बैलाच्या चरबीत तळतात. नुसता बटाटा दिसतो म्हणून तो शाकाहारी होत नाही. हे तुमच्या यजमानांनीही विचारून घ्यावं, माशालाही तीच चरबी लागते. पुडिंगात आणि पायच्या सारणात ‘सूएट’ ही चरबी असू शकते. चीज-टोस्टवर शिंपडलेल्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. जेलीत जिलेटिन असतं. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं. कॉर्निश पेस्टी आणि कॉटेज पायमध्ये बीफ असतं, तर शेपर्ड्स पायमध्ये मेंढीचं मांस.

‘तिथे सगळं छापलेलं असतं’ हा समजही अर्धाच खरा आहे. कायद्याने १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत अंडी, दूध, मासे, शेंगदाणे येतात, पण बीफ आणि पोर्क येत नाहीत. म्हणून ‘कशात तळलं आहे?’ आणि ‘ग्रेव्ही कशाची आहे?’ हे दोन प्रश्न तोंडपाठ ठेवा. शाकाहाराची तिथे आता चांगलीच सवय झाली आहे, त्यामुळे विचारलं म्हणून कोणी वाईट मानत नाही.

तुमच्यासाठीही पुष्कळ आहे. भाजलेल्या मोठ्या बटाट्यावर चीज किंवा बीन्स, चीजच्या सॉसमधला फ्लॉवर, चीज-कांद्याची पेस्टी, आणि रविवारच्या ताटात मांसाऐवजी डाळी-सुकामेव्याचा नट रोस्ट. यातही अंडं आहे का, हे विचारावं. ‘प्लाउमन्स लंच’ तर जरूर मागवा, हॅम सोडून. पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि आंबट-गोड लोणचं. वेल्ह्याकडचा शेतकरी बांधावर बसून नाचणीची भाकरी, कांदा आणि ठेचा खातो, त्याच जातीचं हे जेवण आहे. शेवटी सफरचंदाचा क्रंबल घ्या, वर गरम कस्टर्ड.

मुलाचं मन मोडू नका, एखाद्या संध्याकाळी त्याच्या आवडीच्या इंडियन हॉटेलातही जा. पण पनीर पुण्यातही मिळतं. यॉर्कशरमधला रविवारचा पब मात्र तिथेच आहे. तेव्हा पहिल्याच रविवारची जागा मुलाला आत्ताच राखून ठेवायला सांगा.