पडून राहणारा जनरेटर आणि रोज राबणारा जनरेटर

वीज गेली की लूम थांबतात; कर्जाचे व्याज थांबत नाही. म्हणून आम्ही लोक जनरेटर घेतो, कोपऱ्यात ठेवतो आणि विसरून जातो. आमच्याकडेही असाच एक डिझेल जनरेटर होता. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा वायदा, रात्री वीज गेली, आणि पाहतो तर बॅटरी उतरलेली! गफलत आमचीच. वायदा चुकला, गिऱ्हाईकही गेले.

या बाबतीत अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २०११ साली या विद्यापीठाने मॅनहॅटनमधील आपल्या आवारात नैसर्गिक वायूवर चालणारे १३.४ मेगावॅटचे छोटे वीजघर सुरू केले. त्यात साडेपाच मेगावॅटची दोन गॅस टर्बाइन आहेत. त्यांचा गरम धूर वाया न घालवता त्यावर वाफ करतात. त्या वाफेवर २.४ मेगावॅटचे तिसरे टर्बाइन फिरते आणि वाफेची उष्णता पुढे इमारतींच्या कामी येते. २२ इमारतींना वीज आणि ३७ इमारतींना ऊब मिळू लागली. खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर. बचतीचा अंदाज वर्षाला ५० ते ८० लाख डॉलर. म्हणजे भांडवल सुटायला सोळा ते पंचवीस वर्षे. सौदा स्वस्त नव्हता.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळ आले. वीज उपकेंद्रात पाणी शिरले आणि मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला. विद्यापीठाचे वीजघर मात्र शहराच्या तारांपासून अलग होऊन चालत राहिले. त्याच रात्री याच विद्यापीठाच्या नदीकाठच्या रुग्णालयात तळघरात पाणी भरले आणि तिथली राखीव वीज बंद पडली. तीनशेहून अधिक रुग्ण हलवावे लागले. नवजात बालकांना हातांत घेऊन परिचारिका जिने उतरल्या.

मालक एक, रात्र एक, हिशेब मात्र दोन. यातून आपण काय घ्यावे?

१. रोज चालणाऱ्या यंत्राचा दोष रोज कळतो. जनरेटर पडून असेल तर दर आठवड्याला लोड टाकून चालवा. बॅटरी व डिझेल पाहा.

२. जागा पाहा. पावसाचे पाणी जिथे साचते तिथे जनरेटर किंवा डिझेलचा पंप ठेवू नका.

३. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नका. आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावरच्या लाइनमनचा जीव जाईल.

४. वायूचे वीजघर त्यालाच परवडते ज्याला वीज आणि वाफ दोन्ही लागतात, जसे सायझिंग, रंगाई आणि प्रोसेसवाले. तेही दारात पाइपलाइन असेल तर. नुसते लूम चालविणाऱ्याची उष्णता वाया जाईल. त्याने या मोहात पडू नये.

यंत्र घेण्याआधी वर्षभराचे वीजबिल आणि बॉयलरच्या इंधनाचे बिल शेजारी शेजारी ठेवा. सौदा करावा की नाही, हे ती दोन बिलेच सांगतील.