आभाळ भरून आलं, की डोकं का ठणकतं?

मे संपत आला, वळवाचे ढग जमू लागले, की दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते : ‘डॉक्टर, पाऊस यायच्या आधीच माझं अर्धं डोकं ठणकायला लागतं.’ ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा ऐकू येते. घरची माणसं हसण्यावारी नेतात, पण यात हसण्यासारखं काही नाही. अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन असलेल्या अनेकांना हवाबदल सोसत नाही. मात्र सगळा दोष आभाळाला देऊन गोळी गिळणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आधी दुखणं नीट ओळखा

मळमळतं, उलटी होते, उलटीनंतर काहींना जरा बरंही वाटतं. म्हणून वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेतल्या जातात. पावसाळ्यात सोबत नाक वाहिलं, की ‘सायनस’ म्हणून वाफारे सुरू होतात. मायग्रेनच्या वेळी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, त्यामुळे नाक वाहणं, डोळ्यांत पाणी येणं हेही घडू शकतं. बहुधा एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना ठणका, जिना चढला की वाढणारी कळ, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं आणि उपचार न केल्यास ४ ते ७२ तास चालणारा त्रास, असं चित्र असेल तर एकदा डॉक्टरांकडून निदान करून घ्या.

हवेचा दोष किती?

बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डोकेदुखीसाठी आलेल्या ७,०५४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्या २४ तासांचं सरासरी तापमान ५ अंश सेल्सिअसने जास्त असेल, तर डोकेदुखीचा धोका सुमारे ७.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हवेचा दाब उतरल्याचा परिणाम त्यामानाने कमी होता. म्हणजे संबंध आहे, पण हवा एकटी सहसा पुरेशी नसते. मुंबईहून घाट चढून पुण्याला येताना हवेचा दाब साठएक हेक्टोपास्कलने उतरतो. वळीव येताना तो उतरतो तो मोजक्या हेक्टोपास्कलने. निव्वळ दाबानेच डोकं दुखत असतं, तर मायग्रेनच्या प्रत्येक रुग्णाला पुण्याची गाडी बाधली असती.

मग वळवाच्या आठवड्यात होतं काय? उकाड्याने रात्रीची झोप मोडते. घाम जातो, तेवढं पाणी पोटात जात नाही. भूक मंदावते, जेवण लांबतं. लग्नसराईची जागरणं आणि दुपारचं ऊन असतंच. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळपास तिप्पट आढळतो आणि त्यांच्या बाबतीत पाळीचे दिवसही याच सुमारास आले, तर भर पडते. मायग्रेन असलेल्या मेंदूला बदल फारसा मानवत नाही, त्यात हे सगळे बदल एकाच वेळी येतात.

नोंद ठेवा

तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा : डोकं कधी दुखू लागलं, झोप किती, जेवण किती वाजता, पाळी, कोणती गोळी. हवा कशी होती हे दिवस संपल्यावर लिहा. सकाळीच अंदाज वाचून दुखण्याची वाट पाहत बसू नका. वारंवार जांभया, मान अवघडणं, चिडचिड, गोड खावंसं वाटणं ही अनेकांत झटक्याच्या आदल्या दिवशीची लक्षणं असतात. त्यांचीही नोंद करा.

हवा बदलते त्या दिवसांत

पोट चार-पाच तासांपेक्षा जास्त रिकामं ठेवू नका. श्रावणात उपवास करायचाच असेल तर निर्जळी नको. राजगिरा, ताक, फळं ठरावीक वेळाने घ्या. लघवी फिकट रंगाची राहील इतकं पाणी प्या (मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं). झोपण्या-उठण्याची वेळ रविवारीही बदलू नका. चहाचे कप रोज सारखेच असू द्या, कारण चहा एकदम तोडल्यानेही डोकं धरतं. उन्हात छत्री आणि गॉगल वापरा, पण घरात गॉगल लावून बसू नका, त्याने डोळे उजेडाला आणखी हळवे होतात. डोक्यावरून आंघोळ केल्यावर त्रास होत असेल, तर उकाड्याच्या किंवा जागरणाच्या दिवशी ती टाळा.

गोळी : वेळेवर, पण मोजून

डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखणं सौम्य असतानाच घ्या, कळ टिपेला पोहोचल्यावर तिचा उपयोग कमी होतो. मायग्रेनच्या झटक्यासाठीची ट्रिप्टान गटातली औषधं हृदयविकार झालेल्यांना चालत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. महिन्यात चार किंवा त्याहून जास्त दिवस त्रास होत असेल, तर प्रतिबंधक औषधांबद्दल विचारा. शेजारणीला लागू पडलेलं औषध मागून घेऊ नका. या प्रतिबंधक औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचं ठरतं. पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल, तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा.

थांबू नका

अचानक, क्षणात टिपेला गेलेली डोकेदुखी, तापाबरोबर ताठ झालेली मान, हातापायातली शक्ती जाणं, बोलताना अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं यांसाठी लगेच रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखीही त्वरित दाखवा. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. अशा स्त्रियांत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

एवढं सगळं एकदम जमणार नाही. सुरुवात जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेपासून करा. तपासणीला येताना कॅलेंडरचं पान आणा आणि औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची नावंही न लपवता सांगा.