ट्रकमधील ऑक्सिजन सेन्सर : लहान खर्चाचे मोठे अर्थशास्त्र

भारतातील ट्रकव्यवसायात एक ते पाच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांचा वाटा फार मोठा आहे. कर्जाचा मासिक हप्ता, इंधन, टोल, टायर आणि चालकाचा पगार भागवून जे उरते त्यातूनच दुरुस्तीचा खर्च निघतो. अशा मालकासमोर एखादा मेकॅनिक धूरनळीत बसविलेला बोटभर लांबीचा भाग बदलण्याची सूचना करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी चालते आहे ना?’ गाडी चालत असते. ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची निकड त्यामुळेच लक्षात येत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली. त्यानुसार अवजड वाहनांच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बदलत्या भाराच्या चाचणीत दर किलोवॅट-तासाला ०.४६ ग्रॅम इतकी ठरली. भारत स्टेज-४ मध्ये ती ३.५ ग्रॅम होती. चाचणीची पद्धतही मधल्या काळात बदलली असली, तरी ही घट सात पटींहून अधिक आहे. केवळ इंजिनाच्या रचनेतील सुधारणेने ती साधणे शक्य नव्हते. धूरनळीतील उत्प्रेरक, संवेदक आणि इंजिनाचा संगणक यांच्या साखळीवर ती उभी आहे. गुजरात, दिल्ली परिसर आणि मुंबई-पुणे पट्ट्यात सीएनजीवर चालणारे ट्रक वाढले आहेत. त्यांच्या बाबतीत या साखळीचा सर्वांत नाजूक दुवा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

सेन्सरचे काम

या सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या पदार्थाचा घटक असतो. त्याच्या एका बाजूस धूर आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. दोन्हीकडील ऑक्सिजनच्या प्रमाणात जो फरक असेल त्यानुसार सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन अधिक उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट आणि इंधन जास्त झाले असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. संगणक हा संकेत वाचून इंधनाची मात्रा सतत कमी-अधिक करतो. पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवेस एक भाग इंधन हे प्रमाण आदर्श ठरते. सीएनजीसाठी ते सुमारे १७ आहे. या बिंदूच्या अगदी जवळ राहिल्यासच त्रिमार्गी उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम आला, तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही.

सेन्सर सहसा एकदम बंद पडत नाही, तो मंदावतो. जळणाऱ्या इंजिन ऑइलमधील फॉस्फरस, सिलिकॉनयुक्त सीलंट, गळणारे कूलंट यांचे थर त्यावर बसतात आणि संकेत उशिरा येऊ लागतो. तापकाची सोय नसलेले जुने सेन्सर सर्वसाधारणपणे ५० ते ८० हजार किलोमीटर आणि तापक असलेले नंतरचे सेन्सर एक ते दीड लाख किलोमीटर टिकतात असे मानले जाते. खासगी मोटारीला एवढे अंतर कापण्यास दहा वर्षे लागतील. महिन्याला ६,००० किलोमीटर धावणारा ट्रक ते दोन वर्षांत पार करतो.

तोटा कोणाचा?

बिघडलेला सेन्सर दोन प्रकारे चुकीची माहिती देऊ शकतो, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने या दोन चुका सारख्या नाहीत.

‘इंधन कमी आहे’ असा खोटा संकेत गेला तर संगणक जादा गॅस सोडतो. त्याची झळ मालकाला बसते. समजा, ट्रक वर्षाला ७२,००० किलोमीटर धावतो आणि किलोमागे ८ किलोमीटरऐवजी ७.५ किलोमीटर जाऊ लागला. गॅसचा वापर ९,००० किलोवरून ९,६०० किलोवर जाईल. किलोला ८० रुपये धरल्यास वर्षाचा तोटा ४८,००० रुपये होतो. सेन्सरची किंमत काही हजारांत असते. हिशेब इतका सरळ असूनही सेन्सर बदलला जात नाही, कारण हा तोटा वेगळा दिसत नाही. भार, चढ, वाहतूककोंडी, चालकाची सवय आणि टायरमधील हवा यांत तो मिसळून जातो. गाडी कार्यशाळेत उभी राहिल्याने बुडालेली फेरी मात्र मालकाला स्वच्छ दिसते.

उलट चूक अधिक विचार करण्याजोगी आहे. ‘इंधन जास्त आहे’ असा खोटा संकेत मिळाला की संगणक गॅस कमी करतो. धुरात ऑक्सिजन उरतो आणि उत्प्रेरकाला नायट्रोजन ऑक्साइडचे विघटन करता येत नाही. मालकाच्या डायरीत यातले काहीही उमटत नाही; मायलेज क्वचित किंचित सुधारलेलेही दिसेल. किंमत मोजतात ते महामार्गालगतच्या वस्त्यांतील रहिवासी. पाठ्यपुस्तकांत बाह्य परिणामाचे उदाहरण म्हणून कारखान्याचे धुराडे दाखविले जाते. येथे ते धुराडे चालते-फिरते आहे आणि त्याच्या मालकाला आपण काही चूक करीत आहोत याची कल्पनाही नाही.

पीयूसी तपासणीने ही उणीव भरून निघत नाही. सीएनजी वाहनाच्या तपासणीत उभ्या गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइड मोजला जात नाही, आणि तो मुख्यतः भार ओढतानाच तयार होतो. डिझेल ट्रकची तपासणी तर धुराच्या घनतेपुरतीच असते. तेथे ऑक्सिजन सेन्सरच्याच कुळातील नायट्रोजन ऑक्साइड सेन्सर ही जबाबदारी सांभाळतो आणि तो बिघडल्यास इंजिनाची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. या सक्तीतून सुटण्यासाठी संगणकाला फसविण्याचे प्रकार घडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वाहनातील अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु जे तपासणीत दिसतच नाही त्याला दंड कसा होणार?

बदलण्यापूर्वीचे निदान

मालकाचा अविश्वास सर्वस्वी निराधार नाही. डॅशबोर्डवरील दिवा लागला की स्कॅनर न जोडता सेन्सर बदलणारे आहेत, आणि स्कॅनरवरील सांकेतिक क्रमांक वाचून थेट सेन्सरवर ठपका ठेवणारेही आहेत. उत्प्रेरकाची कार्यक्षमता घटल्याचा क्रमांक आला की त्यामागचा सेन्सर बदलण्याची चूक नित्याची आहे. त्या सेन्सरने खरी बातमी दिलेली असते. पैसे वाया जातात आणि दिवा पुन्हा लागतो. धूरनळीतील बारीक गळतीमुळे बाहेरची हवा आत शिरली, वायर उंदराने कुरतडली किंवा तापकाचा फ्यूज उडाला, तरीही दोष सेन्सरवरच येतो. इंजिन ऑइल जाळत असेल तर नवा सेन्सरही लवकरच निकामी होतो.

निदान पक्के झाल्यावर काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा, वायरसाठी खाच असलेला पाना लागतो. लाखो किलोमीटरच्या उष्णतेने आटे जाम झालेले असतात, म्हणून गंज सोडविणारे तेल आधी लावून इंजिन कोमट असताना सेन्सर सोडवावा. थंड धातूवर जोर लावल्यास धूरनळीचे आटेच निघून येण्याची भीती असते. नव्या सेन्सरच्या आट्यांना आट न धरणारे ग्रीस कारखान्यातच लावलेले नसेल तर ते फक्त आट्यांना लावावे, टोकाला नव्हे. सिलिकॉन सीलंट वापरू नये. मग संगणकातील जुना क्रमांक पुसून गाडी रस्त्यावर चालवून पाहावी लागते, कारण स्वतःच्या चाचण्या पूर्ण करण्यास संगणकाला वेळ लागतो.

हा शेवटचा तपशील धोरणाच्या दृष्टीने उपयोगी आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी क्रमांक पुसून आणलेली गाडी ‘चाचण्या अपूर्ण’ अशी नोंद दाखविते आणि लबाडी उघड होते. कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक अवजड वाहनांना वर्षातून दोनदा तपासणी द्यावी लागते आणि नव्या वाहनांच्या बाबतीत ती अशाच संगणकीय नोंदींवर होते. भारतात व्यापारी वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी वाहनाच्या संगणकाची नोंद वाचून घेण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो स्कॅनर आणि त्याचे आकडे समजणारा माणूस. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या कौशल्याला अधिक तास मिळणे म्हणूनच निकडीचे आहे.

वापरलेल्या ट्रकच्या बाजारात ही नोंद आणखी महत्त्वाची ठरते. सेन्सर थकत आलेला असतो त्या सुमारास अनेकदा ट्रक पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि हा दुसरा मालक बहुधा कमी भांडवलाचा असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला माहीत असलेला दोष ग्राहकाला कळत नसेल तर चांगल्या गाडीलाही योग्य भाव मिळत नाही. सेन्सर कोणत्या किलोमीटरला बदलला आणि चाचण्या पूर्ण आहेत किंवा नाहीत, एवढे योग्यता प्रमाणपत्रावर छापले गेले, तर देखभालीवर खर्च करणाऱ्या मालकाला तो विक्रीच्या वेळी वसूल करता येईल आणि विकत घेणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कार्यशाळेची पायरी चढावी लागणार नाही.