प्रतिमेतील आकडे आणि पडद्यावरील चित्र

जमाखर्चाबरोबर रुग्णसेवेशी निगडित एखाद्या विषयाची ओळख करून देण्याच्या हेतूने या वर्षी आम्ही सीटी स्कॅन व डिजिटल क्ष-किरण प्रतिमांचा विषय निवडला आहे. त्यास कारणही आहे. चौसाळा हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर वसलेले असल्याने डोक्यास मार लागलेले अपघातग्रस्त येथे नेहमी येतात. प्रथमोपचारानंतर त्यांस स्कॅनसाठी बीड, अंबाजोगाई वा लातूर येथे पाठवावे लागते. परतताना नातेवाईक दोन ठिकाणच्या फिल्म हाती घेऊन येतात आणि विचारतात, “पहिल्या फिल्ममध्ये हा भाग काळा होता, दुसऱ्यात पांढरट दिसतो, आजार वाढला का?” प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर पुष्कळदा रोगात नसून चित्र दाखविण्याच्या रीतीत असते.

सीटी स्कॅनची प्रतिमा हे मुळात छायाचित्र नव्हे. ते आकड्यांचे कोष्टक होय. सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात 1 ऑक्टोबर 1971 रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा एका प्रतिमेत 80 गुणिले 80 चौकटी होत्या. आज सामान्यतः 512 गुणिले 512, म्हणजे 2,62,144 चौकटी असतात. या प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात व तीत एक आकडा नोंदलेला असतो. पाण्यास शून्य, हवेस उणे 1000, चरबीस उणे 100 च्या आसपास, तर कठीण हाडास अनेक शे ते हजाराच्या वर, अशी ही मोजपट्टी आहे. तिला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. 1979 साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अडचण अशी की, फाइलमध्ये साधारण 4096 वेगवेगळे आकडे मावतात, तर सामान्य संगणकाचा पडदा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटाच दाखवितो. सर्व आकडे समान वाटून दिले तर 16 आकड्यांना मिळून एक छटा येईल. मेंदूच्या करड्या व पांढऱ्या भागांतील फरक जेमतेम दहा आकड्यांचा. तो जवळजवळ एकाच छटेत बुडून जाईल. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर त्यांना हवा तेवढाच पट्टा निवडतात. मेंदूसाठी शून्य ते 80 हा पट्टा सर्रास वापरतात: शून्याखालचे सारे काळे, 80 वरचे सारे पांढरे आणि मधल्या आकड्यांत सगळ्या छटा वाटलेल्या. यालाच ‘विंडो’ म्हणण्याची रीत आहे. फुप्फुसे पाहावयाची तर पट्टा उणे 1350 ते 150 असा घेतात. मेंदूच्या पट्ट्यात तीच फुप्फुसे निव्वळ काळी दिसतात, ती नष्ट झाली म्हणून नव्हे.

येथे जिवावरची गोष्ट येते. कवटीच्या आतल्या बाजूस साकळलेले ताजे रक्त बहुधा 50 ते 80 च्या दरम्यान असते. नेहमीच्या पट्ट्यात ते पांढरट दिसते, शेजारचे हाडही पांढरेच. रक्ताचा थर पातळ असला की तो हाडात मिसळून नजरेतून निसटू शकतो. पट्टा रुंदावून उणे 20 ते 180 असा केला की रक्त करडे पडते, हाड पांढरे राहते व दोहोंतील सीमारेषा उघड होते. फाइलमधील एकही आकडा यात बदललेला नसतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आमच्या मनात याची सांगड हिशेबाशी बसते. खतावणीत रक्कम पैशांपर्यंत नोंदलेली असते. याच अहवालाच्या ताळेबंदात ती हजारांत छापली जाते. खतावणी हाती असेल तर हवा तो ताळेबंद पुन्हा मांडता येतो, पण छापील ताळेबंदावरून खतावणी कोणासही उभी करता येणार नाही.

फिल्म हा असा छापील ताळेबंद आहे. ती छापणाऱ्याने निवडलेला पट्टा तिच्यात कायमचा गोठलेला असतो. खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर तिचे छायाचित्र काढले की कॅमेरा उजळपणा आणखी आपल्या मर्जीने बदलतो. संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इमेज-जे’ या विनामूल्य संगणकप्रणालीतही हाच भेद पाळावा लागतो. तेथे उजळपणाच्या सरकपट्ट्या हलविल्या तर केवळ दर्शन बदलते. ‘अप्लाय’ची कळ दाबली, किंवा 16 बिटांची प्रतिमा 8 बिटांची केली, की त्या क्षणी निवडलेल्या पट्ट्याप्रमाणे आकडेच नव्याने लिहिले जातात आणि पट्ट्याबाहेरचे भेद पुसले जातात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे.

छातीच्या साध्या डिजिटल एक्स-रेची बाब थोडी निराळी आहे. त्यातील आकड्यांना सीटीसारखी सर्वत्र समान मोजपट्टी नसते. त्यामुळे दोन यंत्रांवरील फिल्म शेजारी ठेवून “डाग गडद झाला” असा निष्कर्ष घरच्या घरी काढणे योग्य नव्हे. डॉक्टर डागाचा आकार, कडा व जागा पाहतात. सीटीमध्ये संशयित भागावर संगणकाने वर्तुळ आखून आतील आकड्यांची सरासरी वाचता येते. मूत्रपिंडावरील गाठ पाण्याची की भरीव, हे ठरविण्यास तिची मदत होते. पडदा कितीही उजळ वा मंद केला तरी ती सरासरी तीच राहते.

याकरिता रुग्णबांधवांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, स्कॅन केंद्रातून निघताना फिल्म व लेखी अहवालाबरोबर मूळ ‘डायकॉम’ स्वरूपातील फाइल सीडी वा पेन-ड्राइव्हवर मागून घ्यावी. आधीच्या तपासणीची सीडी असल्यास तीही पुढील भेटीस सोबत आणावी. देणगीदारांपैकी काहींनी विचारले होते की, घरच्या टीव्हीसारखाच दिसणारा वैद्यकीय मॉनिटर इतका महाग का. त्याच्या काळ्या-पांढऱ्या छटा ठराविक मानकाप्रमाणे जुळविलेल्या असतात व वेळोवेळी तपासाव्या लागतात. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, मूळ फाइली जपून ठेवणाऱ्या साठवणुकीवर ती कोणास दिसत नाही; तथापि विश्वस्तांनी या दोन्ही बाबींचा विचार करताना त्यांचा खर्च एकत्रच धरावा, असे आमचे मत आहे.