नकाशे व हवाई छायाचित्रे : बालाघाट जिल्ह्याच्या आधारे एक अभ्यास

(बी. कॉम. भाग 2)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नकाशांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु माल कोठे निघतो, कोणत्या वाटेने जातो आणि कोठे विकला जातो, हे सांगणारा वाणिज्य भूगोल आम्हांलाही असतोच. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. तेव्हा नकाशा म्हणजे परीक्षेत 'पुढील ठिकाणे दाखवा' हा चार-पाच गुणांचा प्रश्न, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध होता. मराठीत 'नकाशा', हिंदीत 'नक्शा', कन्नडमध्ये 'नक्षे'. शब्द तिन्ही भाषांत जवळचा, वस्तू मात्र विद्यार्थ्यांना सारखीच दूरची राहते.

माझ्या आत्या मध्य प्रदेशात बालाघाटजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवतात. मागील सुटीत त्यांच्याकडे राहण्याचा योग आला. त्यांच्या वर्गासाठी नकाशावाचनाचे काही पाठ आम्ही मिळून तयार केले. प्रस्तुत लेख त्यावरच आधारलेला आहे.

नकाशाचे प्रमाण

नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील प्रत्यक्ष अंतर यांच्या गुणोत्तरास प्रमाण म्हणतात. ते शब्दांत, अंकांत किंवा रेषेने दाखवतात. नकाशा लहान-मोठा करून छापला तर शब्दप्रमाण व अंकप्रमाण चुकीचे ठरते. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसते वा वाढते, म्हणून ते बरोबर राहते.

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. 1:500 आणि 1:50,000 यांत मोठे प्रमाण कोणते? आकडा पाहून पुष्कळजण दुसरे सांगतात. पण हा अपूर्णांक आहे. एकच रुपया पाचशे भागीदारांत वाटला तर प्रत्येकाच्या हाती अधिक पडेल, की पन्नास हजारांत? म्हणून 1:500 हे मोठे प्रमाण. त्यात एका सेंटिमीटरला 5 मीटर जमीन येते, तर 1:50,000 मध्ये 500 मीटर. पहिल्यात घराचा ओटा दिसेल, दुसऱ्यात सबंध गाव बोटाखाली झाकले जाईल.

प्रमाणानुसार प्रकार

बृहद् प्रमाण नकाशांत गावचा शेतनकाशा प्रथम येतो. पटवाऱ्याकडील जुने नकाशे पुष्कळदा एका मैलास 16 इंच, म्हणजे 1:3,960 या प्रमाणाचे असत. त्यांत प्रत्येक शेताची हद्द व खसरा क्रमांक असतो. महाराष्ट्रात आपण ज्याला गावनकाशा म्हणतो, तोच हा.

त्यानंतर स्थलदर्शक नकाशे. 1767 साली स्थापन झालेले भारतीय सर्वेक्षण खाते ते तयार करते. यांचे क्रमांक देण्याची पद्धत एकदा समजली की फार उपयोगी पडते. देशाचे प्रथम 4 अंश अक्षांश व 4 अंश रेखांशांचे चौकोन पाडलेले आहेत. प्रत्येकाचे 16 भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली आहेत, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा 16 भाग करून त्यांना 1 ते 16 अंक दिले आहेत. हे शेवटचे पत्रक 15 मिनिटांचे व 1:50,000 प्रमाणाचे असते. बालाघाट शहर सुमारे 21°48' उत्तर अक्षांश व 80°11' पूर्व रेखांशावर आहे, म्हणून ते '64 सी/1' या पत्रकात येते. परंतु 80 अंश रेखांश याच जिल्ह्यातून जात असल्याने पश्चिमेकडील कटंगी 55 क्रमांकाच्या चौकोनात जाते, आणि उत्तरेकडील बैहर '64 बी' मध्ये. जिल्हा एक, पण तो पाहण्यास अनेक पत्रके जुळवावी लागतात. (2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेत क्रमांकांची पद्धत निराळी आहे.)

या पत्रकांवर उंची समोच्च रेषांनी दाखवतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या सपाटीवर या रेषा विरळ आहेत. बैहरच्या पठाराकडे चढताना त्या एकमेकींना खेटून येतात. घाट चढून वर गेलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पत्रक पाहताना सर्वेक्षणाचे वर्षही अवश्य पाहावे. गोंदिया-बालाघाट-जबलपूर हा लोहमार्ग पूर्वी अरुंद मापाचा होता. आता तो रुंद मापाचा झाला आहे. जुने पत्रक मात्र जुनाच मार्ग दाखवणार. नकाशा खोटे बोलत नाही, तो आपल्या वर्षापुरते बोलतो.

भिंतीवरील नकाशे व नकाशासंग्रह हे लघु प्रमाणाचे होत. त्यांत प्रदेश मोठा व तपशील थोडा असतो.

विषयानुसार प्रकार

प्राकृतिक, राजकीय व वितरणदर्शक असे विषयानुसार मुख्य भेद करता येतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास वितरणदर्शक नकाशे विशेष महत्त्वाचे. त्यांच्या तीन पद्धती आहेत :

1. टिंब पद्धती : एक टिंब म्हणजे ठरावीक संख्या. धानाचे क्षेत्र, गुरे यांसाठी ही सोयीची.
2. क्षेत्रघनी पद्धती : तालुका किंवा जिल्हा यांना घनतेनुसार छटा देतात.
3. सममूल्य रेषा पद्धती : समान पाऊस, तापमान असलेली ठिकाणे रेषेने जोडतात.

यांपैकी क्षेत्रघनी नकाशा सावधपणे वाचावा. 2011 च्या जनगणनेनुसार बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या 17,01,698 होती व घनता दर चौरस किलोमीटरला 184. या एका आकड्याची एकच छटा सगळ्या जिल्ह्यावर पसरते. प्रत्यक्षात वारासिवनीकडील सपाटीवर गावाला गाव लागून आहे, तर बैहरकडे मैलोगणती अरण्य आहे. सरासरीने दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. ताळेबंदातील एकूण बेरीज पाहून प्रत्येक खाते सुस्थितीत आहे असे आपण समजत नाही, तसेच हे.

हवाई छायाचित्रे

1858 साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. भारतात 1920 साली आग्रा शहराची मोठ्या प्रमाणावरील हवाई छायाचित्रे घेण्यात आली, तेव्हापासून या कामास सुरुवात झाली.

कॅमेऱ्याचा रोख सरळ खाली असेल तर ते उभे छायाचित्र. कललेला असेल तर तिरपे. तिरप्या छायाचित्रात क्षितिज दिसत असेल तर ते अतितिरपे म्हणतात, दिसत नसेल तर अल्पतिरपे. तिरपे चित्र ओळखण्यास सोपे, कारण टेकडीवरून पाहिल्यासारखे ते दिसते; मापनास मात्र उभेच उपयोगी. भिंगाचे नाभीय अंतर 15 सेंटिमीटर व विमानाची जमिनीपासूनची उंची 3,000 मीटर असेल, तर चित्राचे प्रमाण 1:20,000 येते. लागोपाठच्या दोन चित्रांत साधारण 60 टक्के भाग सामाईक ठेवतात. अशी जोडी स्टिरिओस्कोपखाली पाहिली असता डोंगर उठून वर येतात.

छायाचित्रावर नावे नसतात. छटा, आकार, पोत, सावली व शेजार यांवरून वस्तू ओळखावी लागते. बांधांनी आखलेल्या धानाच्या बांध्या चौकटींसारख्या दिसतात. पाणी बहुधा गडद दिसते, म्हणून तलाव व बोड्या चटकन सापडतात. मलाजखंडची तांब्याची उघडी खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खोल गेलेली दिसते. परंतु भरवेलीची मँगनीजची खाण भूमिगत. वरून तिच्या इमारती व ढीग दिसतील, पोटातली खाण दिसणार नाही. म्हणूनच छायाचित्र हे नकाशाचे साहाय्यक होय, त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

नकाशावाचन कशासाठी?

परीक्षेपलीकडे याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत गावठाणातील घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, वरून ड्रोनने छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून मोठ्या प्रमाणाचा नकाशा करतात. कच्चा नकाशा लोकांपुढे ठेवून हरकती मागवतात, व पुढे मालकीचा कागद मिळतो. बँकेत कर्ज मागताना हा कागद उपयोगी पडतो, हे आम्हां वाणिज्यवाल्यांना सांगावयास नको.

आत्यांच्या गावी असा नकाशा पंचायतीत लागला तेव्हा मी तेथे होतो. मोठी माणसे त्यापुढे उभी राहत आणि परत जात. शेजारच्या एका विधवा आजी तर म्हणाल्या, "सरकारी कागद आहे, बरोबरच असेल." आत्यांनी पाचवीची चार मुले सोबत दिली. मुलांनी प्रथम उत्तर दिशा पाहिली, मग शाळा शोधली, तेथून विहीर आणि विहिरीपासून तिसरे घर. घर सापडले, पण मागची बाडी शेजाऱ्याच्या हद्दीत होती. चुना पडला त्या दिवशी आजी लेकीकडे गेल्या होत्या. हद्द दाखवण्यास कोणीच नव्हते. हरकतीची मुदत संपण्यास दोन दिवस उरले होते. अर्ज गेला, शेजाऱ्यांनीही हद्द मान्य केली आणि फेरमोजणी झाली. मुदत टळली असती तर त्या पाच-सहा पावले जमिनीसाठी आजींना किती हेलपाटे घालावे लागले असते, याचा हिशोब कोणत्याही खातेवहीत मांडता येणार नाही.

शिकवण्याचा क्रम

आत्यांचा क्रम असा : प्रथम वर्गाचा आराखडा मुलांनी पावलांनी मोजून काढायचा, मग शाळेचा व गल्लीचा. त्यानंतर गावाचे वरून घेतलेले चित्र दाखवून त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा व रस्ते, विहिरी, तलाव गिरवून त्यांना चिन्हे द्यायची. छायाचित्राचा नकाशा कसा होतो, हे येथे मुलांना हातानेच समजते. मग स्थलदर्शक पत्रक, आणि सर्वांत शेवटी भारताचा व जगाचा नकाशा. आपल्या शाळांत बहुधा हा क्रम उलटा असतो. मुलाला ॲमेझॉन दाखवता येते, स्वतःचे घर दाखवता येत नाही.

आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींपैकी पुष्कळजण पुढे शिक्षक, बँक कर्मचारी किंवा ग्रामसेवक होतील. मराठी विभागाचे वाचक असोत वा कन्नड विभागाचे, त्यांनी निदान आपल्या गावाचे एक पत्रक मिळवून त्यात आपले घर शोधावे, आणि नंतर ते घरातील वडीलधाऱ्यांनाही दाखवावे, एवढीच विनंती.