खेळातील 'मॉड' : संक्षेप, उतरवणी आणि चालवणी

संगणकावरील खेळ हा विषय या पुस्तिकेत यावा, हे काही शिक्षकबंधुभगिनींस विचित्र वाटेल. परंतु वरच्या वर्गांतील काही मुले आता नुसती खेळत नाहीत, तर खेळात स्वतः भर घालतात. आणि घरी नीट चाललेली ती भर शाळेच्या संगणकावर चालेनाशी झाली म्हणजे शिक्षकांकडे धाव घेतात. अशा वेळी 'खेळ पुरे, अभ्यासाला लागा' असे म्हणून विषय मिटविणे सोपे असते. तथापि मुलाने केलेले काम हे प्रोग्रामलेखनच असते, आणि ते न चालण्याचे कारण बहुधा एखाद्या फोल्डरच्या नावाइतके क्षुल्लक असते. ते कारण शिक्षकास शोधून देता यावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे.

उदाहरणादाखल 'लुआंटी' हा मुक्त व विनामूल्य कार्यक्रम घेऊ. फिनलंडमधील पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. २०२४ पर्यंत त्याचे नाव 'माइनटेस्ट' असे होते. ठोकळ्यांचे जग रचण्याचा हा खेळ विंडोज, लिनक्स, मॅक व अँड्रॉइड या चारही कार्यप्रणालींवर चालतो. खेळ चालविणारे इंजिन प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे बांधलेले असते. चाहत्यांनी केलेली भर, जिला 'मॉड' म्हणतात, ती मात्र सर्वत्र एकच. कारण मॉड हे यंत्रभाषेत नसून 'लुआ' भाषेतील साध्या मजकुरात लिहिलेले असते. (ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली.) इंजिन तो मजकूर ऐनवेळी वाचते आणि त्याप्रमाणे वागते. आपल्या गावच्या काळ्या दगडाचा ठोकळा खेळात आणावयाचा असेल, तर मुलाला दहा-पंधरा ओळींचा मजकूर व एक लहान चित्र एवढेच पुरते.

अशा अनेक फायली एका गाठोड्यात बांधून पाठविण्याची रीत म्हणजे 'झिप'. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये हा प्रकार प्रचारात आणला. त्यातील संक्षेपाची युक्ती शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. नोंदवहीत एकच मजकूर पुन्हा आला की आपण 'वरीलप्रमाणे' असे लिहितो. झिपही मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, इतकी अक्षरे घे' असा निर्देश ठेवते. ही कल्पना लेंपेल व झिव या दोघांनी १९७७ मध्ये मांडली. दुसरी युक्ती हफमन यांची, १९५२ मधील. पत्त्यावर आपण 'मुक्काम पोस्ट' न लिहिता 'मु. पो.' लिहितो, वारंवार येणाऱ्या गोष्टीला आखूड खूण दिली की जागा वाचते. वर्गात हे फळ्यावर दाखवावे. एखादा परिच्छेद घेऊन, पुन्हा आलेले शब्द पुसून तेथे मागील क्रमांक लिहावयास सांगितले, तर पाचवीच्या मुलांनाही यात गोडी वाटते. मजकूर परत जसाच्या तसा उभा करता येतो, हे त्यांच्याकडूनच करून घ्यावे. यावरून हेही ध्यानात येते की ज्यात पुनरुक्ती उरलेली नाही ते आणखी आकसत नाही. मॉडमधील चित्रे व ध्वनी मुळातच संक्षिप्त रूपात असल्याने झिप केल्याने फारसे लहान होत नाहीत, आणि झिपची पुन्हा झिप करणे हा निव्वळ कालापव्यय होय.

उतरवणीविषयी एकच गोष्ट सांगावयाची. झिपची अनुक्रमणिका पुष्कळशा पुस्तकांच्या सूचीप्रमाणे शेवटी असते. गावात जोडणी मध्येच तुटली की शेवटचा भाग येतच नाही, आणि संगणक 'फाइल सदोष आहे' म्हणतो. अशा वेळी मुलाच्या कामास दोष न देता फाइल पुन्हा उतरवावी.

आता मुख्य अडचणी. विंडोजवर झिप दोनदा टिचकावली की आतील फायली दिसतात, त्यामुळे ती सुटली असा भास होतो. वस्तुतः ती बांधलेलीच असते. ती रीतसर सोडवून फोल्डर 'मॉड्स' या फोल्डरमध्ये ठेवावा. हे स्थान प्रत्येक प्रणालीत निराळे असल्याने ते पाठ करू नये; खेळाच्या 'अबाउट' या भागात ते उघडून देणारे बटण आहे. सोडविताना पुष्कळदा फोल्डरच्या आत तसाच फोल्डर तयार होतो. इंजिन बाहेरच्या फोल्डरात 'इनिट डॉट लुआ' ही फाइल शोधते, ती तेथे सापडत नाही, आणि मॉड चालत नाही. कधी नोटपॅड त्या फाइलच्या नावापुढे गुपचूप 'टीएक्सटी' जोडतो. नावाचे शेपूट दिसेल अशी व्यवस्था केल्यावाचून ही चूक उघड होत नाही. शेवटी, मॉड यादीत दिसले तरी ज्या जगात ते हवे त्या जगासाठी ते निवडावे लागते.

घरी विंडोज व शाळेत लिनक्स असल्यास आणखी एक अडचण येते. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर विंडोज एकच मानतो, लिनक्स दोन मानतो. मुलाने मजकुरात लहान 'एन' व फाइलच्या नावात मोठा 'एन' लिहिला असेल, तर घरी चाललेले मॉड शाळेत अडते. म्हणून फायलींची सर्व नावे लहान रोमन अक्षरांत व मध्ये जागा न सोडता द्यावयाची सवय आरंभीच लावावी.

परक्या ठिकाणाहून आणलेले मॉड उघडण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे. लुआ व इतर साधा मजकूर, चित्रे, ध्वनी, क्वचित आकृत्या, एवढेच तेथे असावयास हवे. 'ईएक्सई' शेपटाची फाइल दिसली तर ती चालवू नये. लुआंटीच्या मॉडला तिची गरजच नसते. फाइल वाटेत बिघडली काय हे झिप आकडेमोडीने ताडून पाहते, परंतु पाठविणाऱ्याचा हेतू तिला कळत नाही. मॉडने संगणकातील इतर फायलींना हात लावू नये म्हणून इंजिनात अटकाव ठेवलेला आहे. तो काढावयास सांगणारे मॉड शाळेत घेऊ नये.

मुलाचे मॉड बाहेर पाठविताना आतील सुट्या फायली न बांधता अख्खा फोल्डर बांधावा. दुसऱ्याचे चित्र घेतले असल्यास त्याच्या परवान्याची फाइल सोबत राहू द्यावी. कर्त्याच्या नावाच्या जागी मुलाने टोपणनाव लिहावे. पूर्ण नाव, शाळा व गाव लिहू देऊ नये.