मृणालला, कराच्या नोटिशीबद्दल



तू पाठवलेला नोटिशीचा फोटो बघितला. ‘एवढा कर कसा काय?’ हा प्रश्न महापालिकेला विचारू नकोस. कर परवडत नाही, याला हरकत म्हणत नाहीत. त्यावर साहेब नुसती मान हलवतात. माझी सगळी नोकरी त्याच टेबलामागे गेली, म्हणून सांगतो.

पुण्यात फ्लॅटच्या बाजारभावावर कर बसत नाही. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्य धरलं, आपल्याकडे अजून वार्षिक करपात्र रक्कमच. म्हणजे जागा भाड्याने दिली तर वर्षाला काय येईल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा. तेव्हा ‘भाव पडलेत’ हा मुद्दा इथे चालायचा नाही. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, आकारणीची तारीख. चूक सापडली तर याच रकान्यांत सापडेल.

तुझ्या नोटिशीत 71 चौरस मीटर आहेत आणि करारनाम्यात कार्पेट 58. लगेच हुरळून जाऊ नकोस. आधी आकारणीच्या नोंदीची नक्कल माग. त्यांनी कार्पेट धरलंय की बिल्टअप, गच्ची-पार्किंग त्यात ओढलंय का, ते बघ. मग तुझ्याच मजल्यावरच्या तशाच फ्लॅटचं बिल मिळव. बिल्डर तोच, नकाशा तोच, वर्ष तेच आणि आकडा वेगळा, असं समोर ठेवलंस की अधिकाऱ्याला फाइल उघडावीच लागते. शेजारणीशी तुझं पटत नाही हे माहीत आहे, पण या कामापुरतं पटवून घे.

तू स्वतः तिथे राहतेस, मग 40 टक्के सवलतीचं काय? ती 1970 पासून होती, मध्यंतरी बंद पडली, 2023 मध्ये 1 एप्रिल 2019 पासूनच्या आकारणीसाठी परत आली. पण ती आपोआप लागत नाही. पीटी-3 अर्ज आणि राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. बऱ्याच जणांचं भांडण एवढ्यावरच मिटतं.

हरकत लेखी आणि नोटिशीत छापलेल्या मुदतीतच दे. ती चुकली तर पुढचं दार बंद. निकाल पटला नाही तर कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील आहे, पण आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला हवा आणि वादातला कर भरलेला हवा. एकट्या फ्लॅटसाठी कोर्ट परवडत नाही, असं माझं मत. सगळ्या इमारतीची चूक सारखीच असेल तर मात्र सोसायटीने मिळून जावं. तोवर बिल थकवू नकोस. शास्ती दरमहा दोन टक्क्यांनी चढते. ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भर.

सुनावणीला जावईबापूंना पाठवू नकोस, ते भडकतात. तूच जा. आणि हरकत देताना आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत हातात पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नकोस.

तुझा,
मामा